दुधाचा रकाना

परळच्या इस्पितळात एकाच टेबलावर
काढायचं ते काढलं, ठेवायचं ते ठेवलं.
घरी आले तेव्हा कुशीला दोन नळ्या, टोकाला दोन डब्या,
आणि डब्या लपवायला वन्संनी शिवलेली खणाची पिशवी.
सकाळ-संध्याकाळ मापात ओतायचं,
गुलाबी पाण्याचा आकडा लिहून ठेवायचा.
वही शोधत बसले नाही.
कॅलेंडरात जिथं दूध लिहितो
त्याच चौकोनात, खाली, बारीक अक्षरात:
अर्धा लिटर. नव्वद मिली.
अर्धा लिटर. सत्तर.
गुरुवारी खाडा. पंचेचाळीस.
महिनाअखेर हिशोबाला आलेला दूधवाला
चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिला,
"ताई, हे खालचं माझं नाही."
म्हटलं, नाही. ते माझं.

सहा आठवड्यांनी ग्लेनिस.
वसईची, नखं मुळापर्यंत कापलेली.
माझाच उजवा हात उचलून माझ्याच डाव्या छातीवर ठेवते.
भीड कशाला, म्हणते, तुझंच आहे गं.
बोटं नव्हेत, पंजा.
आत ढकल, मधल्या हाडाकडे, दहा मोज.
वर, गळ्याकडे, दहा.
खालून उचलून धर.
व्रणावर मात्र पेरं फिरव, गोल गोल,
कातडी आतल्या मांसाला चिकटू द्यायची नाही,
एकदा धरून बसली की दगड होतो.
दिवसातून तीनदा. तेल कुठलंही चालेल, वासाचं नको.

कुडाळहून बहिणीनं मुठेल पाठवलं.
कोकमाच्या तेलाचा पांढरा गोळा,
त्यावर तिच्या मुठीची चार बोटं उमटलेली.
लहानपणी टाचांच्या भेगांना लावायचो.
चमच्यात घेऊन गॅसवर धरते, पातळ होईतो.

दुपारी दार लावून, आरशासमोर.
हाताला कळतं. छातीला कळत नाही.
तळव्याला लागतं काहीतरी कोमट, घट्ट,
ओल्या फडक्यात बांधलेल्या मटकीसारखं,
आणि तिकडून काहीच नाही.
शेजारणीचं मूल मांडीवर घ्यावं तसं धरते,
आपलं नाही म्हणून जरा जास्तच जपून.
उजवीकडची आपली सैलावलेली, दोन पोरांना पाजून निवांत.
ही मात्र ताठ,
बस म्हटल्याशिवाय न बसणाऱ्या नव्या सुनेसारखी.

हे वडाळ्याच्या डेपोत गिअरबॉक्स खोलतात.
एका रविवारी म्हणाले, मी करू?
तीनदा साबण लावला, तरी नखांच्या कडेला काळं.
"दुखतंय का?"
"माहीत नाही."
हात तिथंच थांबला. दाबेना, निघेना.
मग मीच मोजायला लागले, मोठ्यानं.
सातला त्यांचा आवाज मिसळला.
दहाला कुणीच थांबलं नाही,
चौदापर्यंत गेलो.

परवा बसमध्ये, भारतमाताच्या वळणावर,
एक मुलगी गडबडून म्हणाली, "सॉरी हां काकू, कोपर लागलं."
मी विचारलं, कुठं?
ती बिचारी पुढच्याच स्टॉपला उतरली.

आणि काल रात्री, तीनच्या सुमाराला, खाज.
अगदी साधी, घामोळ्याला सुटते तशी.
व्रणाच्या कडेला, नाही, आत,
नाही, थोडी काखेकडे.
बोट नेलं की तिथं नसते,
बोट काढलं की राहवत नाही.
ह्यांना हलवलं: अहो, उठा. खाजतंय.
दचकून उठले. "कुठं?"
तेच तर सापडत नाहीये.
दिवा लावला. चमचा, मुठेल, गॅस.
जरा वर. नाही. जरा डावीकडे, तुमच्या डावीकडे नव्हे.
कडीला दुधाची पिशवी अडकल्याचा आवाज आला
तरी शोधतोच आहोत.