हातचा

जुडिथ नदी गोठायच्या आधी,
एल्कचा मोसम उघडायला आठ दिवस उरलेले असताना
माणसं दुकानात येतात काखेत खोकी मारून.
टपालानं मागवलेलं काहीबाही:
नळीच्या तोंडाला बसवायचं भोकाभोकांचं नळकांडं,
खांद्याला धक्का कमी बसतो म्हणे
(शेजारी उभ्या माणसाच्या कानाचं कोण बघतो);
दुर्बिणीच्या कड्या, वाढीव काडतूसपेटी,
अंगठ्याएवढा दिवा.
"बसव रे ऑर्लिन, तुझा हात सोन्याचा."

मी बसवतो. पोट आहे.
कधीमधी नाही म्हणतो, मग ते बिलिंग्जला जातात,
तिथं हो म्हणणारा असतोच कुणीतरी.

काढलेला मूळ भाग मात्र फेकत नाही.
आर्डिसच्या चोकचेरी जॅमच्या बरण्या तिच्यामागं रिकाम्याच होत्या.
एकेका बरणीत एकेकाचं:
स्प्रिंग, पिन, चिमूटभर स्क्रू,
आणि वर चिकटपट्टीवर नाव.
चाळीस बरण्या. परत न्यायला कुणी येत नाही.

व्हर्लिन हाउगनचा टोबिन आला होता तीन वर्षांपूर्वी.
बापाची रायफल, खणखणीत, जरा जुनी.
चाप जड लागतो म्हणाला. साडेचार पौंड.
त्याच्या खोक्यात केसासारखी बारीक स्प्रिंग,
वर छापलेलं: स्पर्धेसाठी.
मी म्हणालो, एल्क काही स्पर्धेला येत नाही.
तो हसला. मीही हसलो.
आणि स्क्रू अजून पाव वळसा सैल केला,
तो बघत होता म्हणून.

आता कळतं, म्हणजे तेव्हाही कळत होतंच:
कारखान्यातल्या त्या अनोळखी माणसानं
चापात जो जडपणा ठेवला होता
तो त्याचा आळस नव्हता.
बेरजेत हातचा धरतात तसा धरला होता त्यानं,
हातमोज्यासाठी, गारठलेल्या बोटासाठी,
घसरलेल्या पायासाठी,
पहाटे चार वाजता गाडीतून उतरणाऱ्या पोरासाठी.
कागदावर दिसत नाही हातचा.
वर कोपऱ्यात बारीक लिहिलेला असतो,
आणि आपल्याला वाटतं, हे काय, खोडून टाका.

बोट चापावर नव्हतंच, टोबिन सांगतो.
दस्ता फक्त पायरीवर आपटला, टक्क.
नळीत गोळी असायला नको होती, हेही खरं.
खटका लावलेला हवा होता, हेही.
चुका अशाच येतात, एकमेकींचं बोट धरून,
आणि शेवटच्या चुकीला दार उघडून देणारा
मी होतो, एप्रन घालून, पस्तीस डॉलर घेऊन.

गोळी दारातून गेली.
दारापलीकडे व्हर्लिन थर्मासचं झाकण फिरवत होता.

काल तो आला. उजवी बाही कोपराखाली दुमडून पिन लावलेली.
रायफल टेबलावर ठेवली, डाव्या हातानं, अलगद,
झोपलेलं मूल ठेवावं तशी.
"होती तशी कर," एवढंच.
एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं मला.

बरणी सापडली. तिसरी रांग, मागं.
स्प्रिंगला तेल दिलं, बसवली, वजन लावून बघितलं:
साडेचार. दोनदा बघितलं. तीनदा.
टोबिन बाहेर गाडीत बसून होता,
इंजिन चालू, काच वर.

व्हर्लिननं रिकामी रायफल डाव्या खांद्याला लावली,
भिंतीकडे रोखून चाप ओढला.
नाही ओढला गेला.
बोट पांढरं झालं, थरथरलं,
शिकतंय अजून ते बोट.
त्यानं रायफल खाली घेतली,
माझ्याकडे बघून मान हलवली.

"आता बरोबर आहे," म्हणाला,
आणि रिकामी बरणी
सोबत घेऊन गेला.