हेमकलाचा सात

साकोलीच्या भंगारवाल्यानं आज पाच पॅक टाकले,
किलोच्या भावात,
ओल्या गोणपाटात, जशी मासळी.
एकावर कंपनीचं नाव, बाकीच्यांची घासून काढलेली.
म्हणाला, सगळे मेलेले आहेत.
मी म्हटलं, तोल.

भातगिरणीच्या मागे माझी टिनाची खोली.
वैशाखात अकरानंतर तिथं कोणी बसत नाही,
मी नाही, सेल तर नाहीच नाही.
म्हणून काम पहाटे.
चष्मा, रबरी मोजे, हाताशी वाळूची बादली,
अंगठी काढून खुंटीला.
एकदा ती पट्टीला टेकली होती.
बोटावर गोल खूण आहे,
आता खरी अंगठी तीच.

झाकण प्लास्टिकच्या पाचरीनं उचलायचं, पान्यानं नाही.
निकेलची पट्टी सोलायची हळू,
तेंदूपानाची शीर काढावी तशी.
आई विड्या वळायची.
हात तिचेच, कच्चा माल बदलला.

आधी नाक, मग मीटर.
मोह पडून आंबल्यासारखा गोडसर वास आला
की तो सेल बाहेर, वाळूत.
दोन व्होल्टच्या खाली गेलेला, तोही.
लोक म्हणतात, थोडा करंट दाखवून पाहा, उठेल.
उठतो.
पुन्हा झोपतो तेव्हा घर घेऊन झोपतो.

पॅक मेला म्हणजे काय झालं?
तेरा गटांच्या ओळीत एक खचला
आणि पहाऱ्यावरच्या बोर्डानं सगळ्यांचंच दार लावलं.
बारा आत धडधाकट, अंधारात.

चौथ्या पॅकात, दुसऱ्या ओळीत,
निळ्या सालीवर जांभळी शाई.
१८७०.
सातची शेपूट लांब ओढलेली,
दाव्यासारखी.

हेमकला लांजेवार.
आयटीआयचा निकाल लागेपर्यंत बसते म्हणाली,
दोन वर्षं बसली.
चार्जरवर लावायची, उतरवायची,
किती भरलं, किती निघालं,
ते सेलच्या अंगावरच लिहायची.
वहीत लिही ना, मी म्हणायचो.
"वही हारपते, मामाजी.
आंगावर लिवलं तं त्याच्यासंगंच जाते."

आता ती चाकणला आहे.
थंडगार हॉल, पांढरी टोपी.
सेल यंत्राचा हात उचलतो,
कोणी कोणाच्या अंगावर काही लिहीत नाही.
"एक बी सेल मी हातानं नाइ लावला अजून."
जेवण बरं आहे म्हणते,
भात तेवढा चिकट.

हा सेल इथून गेला धनपाल हुमणेच्या फवारणी पंपात,
एवढं आठवतं.
पुढे कोण्या कारागिरानं उचलला,
कोणत्या स्कूटरच्या पोटात बसवला,
भंडाऱ्यात की रायपुरात, काय माहीत.
हायवेनं गेला, हायवेनं आला.

लावला.
चार पॉइंट दोनपर्यंत भरू दिला,
मग उतरवत बसलो तीनेक तास.
गिरणीचा कोंडा दारातून येत होता,
मी फुंकत होतो.
१४३०.

स्कूटरला नाही चालणार.
जागलीच्या बॅटरीला चालेल.
डुकरं धानात उतरली की
दहा मिनिटं उजेड पुरतो,
त्यांना काय आकडा वाचता येतो?

तिच्या आकड्याखाली माझा लिहिला.
माझ्यात सात नाही.
फोटो काढून तिला पाठवला,
एकच टिक आली.
रात्रपाळी असेल, फोन बाहेर ठेवावा लागतो म्हणाली होती.

सेलवर पारदर्शक टेप गुंडाळली.
घामानं शाई जाते.