फाइल क्रमांक एकसष्ट

तार्तूमध्ये नोव्हेंबरात साडेतीनलाच अंधारून येतं.
तावीनं बूट दाराशी काढले, टाचेला टाच लावून ठेवले
आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसला,
कुणीतरी आत्ता उठवेल असा.

हा चार महिन्यांचा होता तेव्हा
मी याच्या डोळ्यांसमोर लाल फुगा हलवला होता.
मग टाचणीनं फोडला.
बाकीची बाळं दचकली, ओठ काढले, विसरली.
हा अकरा मिनिटं रडला.
मी सव्वीस वर्षांची, हातात स्टॉपवॉच, कानामागे पेन्सिल.
लिहिलं: प्रतिक्रिया तीव्र. शांत व्हायला वेळ लागतो.

सातव्या वर्षी आईच्या कोटामागे,
एकच डोळा बाहेर.
पंधराव्या वर्षी
'मला अनोळखी माणसांत मजा येते' या विधानापुढे
एक ते पाच सोडून
कागद फाटेस्तोवर त्यानं शून्य कोरलं.
शून्याची सोय आम्ही ठेवलीच नव्हती.

आता बत्तीस.
बाल्टिकच्या गाळात जुन्या युद्धाचे सुरुंग अजून पडून आहेत;
हा खाली उतरतो आणि ते निकामी करतो.

प्रश्नावलीत हा प्रश्न नाही,
पण चहा ओतताना राहवलं नाही:
भीती नाही वाटत?
'वाटते की. म्हणून तर हळू करतो.
ज्यांना वाटत नाही त्यांना आमचा प्रमुख घरी पाठवतो.'

आठवडाभर त्यानं दिवसातून पाचदा
कापसाची कांडी जिभेखाली धरली होती.
लाळेत ताण उतरतो, त्याचा आलेख निघतो.
मंगळवार, पाण्याखाली जाऊन आल्यावर:
रेघ सपाट, गोठलेल्या तळ्यासारखी.
शनिवार, सकाळी सव्वादहा:
कागदाच्या वरच्या कडेला टेकलेली.

शनिवारी काय झालं?

तो बराच वेळ कपाचा कान चाचपत राहिला.
'लीसला पोहायला शिकवत होतो.
हात सोडला.'

मी रकान्यात लिहिलं: कौटुंबिक.
त्याहून मोठा रकाना नव्हता.

निघताना त्यानं फाइलकडे बोट केलं.
'माझं सगळं आहे यात?'
सगळं आहे, म्हटलं.

नाही.
नियम होता की निरीक्षकानं बाळाला हात लावायचा नाही.
आई काचेपलीकडे, खोलीत मी आणि ते रडणं,
आणि अकराव्या मिनिटाला
ते थांबलं नव्हतं, मी उचललं होतं.
म्हणजे अकरा हा आकडा याचा नाहीच,
माझा आहे;
बत्तीस वर्षं याच्या नावावर मांडलेला,
तीन प्रबंधांत सरासरीला धरलेला.

पुढची भेट एकोणचाळिसाव्या वर्षी.
तोवर मी निवृत्त.
तावीनं बुटांच्या नाड्या बांधल्या,
सोडल्या, पुन्हा बांधल्या.
पेन्सिल माझ्या हातात होती.
खोडरबर कुठे ठेवलं ते मात्र आठवेना.