दीड मिलिमीटर

शाहूपुरीतल्या माझ्या दुकानात खुर्च्या तीन
आणि मतं पाच-सहा, रोज.

इंगवले सर म्हणतात, माझा जुना होता तो दगड होता,
टेबलावरून पडला की फरशीची चौकशी करायची.
सरनोबत वकिलांना फाइलीत मावणारा हवा;
कोर्टाच्या पायऱ्या चढताना कळतं म्हणतात, वजन म्हणजे काय.
त्यांच्याला भोक एकच. पेनड्राइव्ह लावायला
वेगळी वायर, वायरीसाठी वेगळी पिशवी,
आणि पिशवी, अर्थातच, गाडीत राहिलेली.
"मग हलकं काय झालं वो?" सर विचारतात.
वकील पुढची तारीख मागून घेतात.

मी स्क्रू मोजत असतो.
ताटलीत अकरा. उघडले तेव्हा बारा होते.

मला आतलं दिसतं, म्हणून मला मत विचारू नये.
पंख्यात अडकलेली उसाच्या पाचटाची काजळी,
स्पेसबारखाली कांदा-लसूण चटणीचा दाणा.
पुराच्या साली आलेल्या एकात तर
बोर्डवर गाळाची रेघ होती, गल्लीतल्या भिंतींवर होती तशीच,
त्यानंही खूण करून ठेवलेली: पाणी इथवर.
रॅम डाख देऊन पक्की. बॅटरी चिकटवलेली.
बदलता येत नाही ते टिकतं, असं ज्यानं ठरवलं
त्याला एकदा या स्टुलावर बसवायचंय,
चहा पाजायचाय. भांडण नाही.

केतकी पोवार आली ती लॅपटॉप ओढणीत बांधून.
बिजागरी उखडलेली, झाकण एका कानावर लोंबत होतं.
कंपनी म्हणते वरचं सगळं पॅनल बदला, अकरा हजार चारशे.
पंधरा महिने झालेले. वॉरंटी बाराची.
"एवढा पातळ घ्यायचाच कशाला?" सर म्हणाले, मास्तरच ते.
तिनं न बोलता गळ्याशी कापड जरा सरकवलं.
मुरगूड ते कोल्हापूर, एसटीत उभ्यानं, रोज,
डबा, बाटली, दोन जाडजूड पुस्तकं;
पट्ट्याचा वळ अजून होता तिथं.
सर चष्मा पुसत बसले.

उद्यमनगरात बाबालाल शिकलगारांच्या लेथवर गेलो
तो निखळलेला पितळी बुश घेऊन, जोंधळ्याच्या दाण्याएवढा.
त्यांनी डोळ्याला भिंग लावलं.
"प्लास्टिकची भिंत किती धरलीय?"
दीड मिलिमीटर.
"आणि उघडझाप?"
दिवसाला दहा-वीसदा.
गप्प झाले. चाळीस वर्षं ऑइल इंजिनाचे भाग कातलेला माणूस,
अजून सुतात माप घेणारा.
मग म्हणाले, "करणाऱ्याला येत नव्हतं असं न्हाई.
हात चांगलाय त्याचा. त्याला कुणीतरी सांगितलंय,
अजून थोडं तास. अजून थोडं.
आम्हालाबी सांगायचे. आम्ही न्हाई म्हणायचो,
कधीमधी. मग ऑर्डर सांगलीला जायची."

एक लागणार होता, सहा कातून दिले,
"तू हरवणार" म्हणून.
पैसे घेतले नाहीत. चहा घेतला, दोनदा.

एपॉक्सीत बसवला, रात्रभर वाळू दिला.
झाकण आता पूर्ण मिटत नाही.
कडेला नखाएवढी फट राहते,
अंधारात तिच्यातून उजेडाची रेघ येते.
"हे असंच राहणार?"
हो. उघडताना मात्र भिऊ नकोस.
तिनं फटीत नख घालून पाहिलं, पुन्हा घालून पाहिलं,
तीनशे दिले, आणि पाचची गाडी धरायला पळाली.

"बघा," सर म्हणाले, "जाड असता तर..."
"जाड असता तर घरीच राहिला असता," वकील.
मी काही बोललो नाही.
शटर ओढायच्या आधी माझा हात मात्र गेला
कुणी स्क्रीनगार्डसाठी ठेवून गेलेल्या नव्याकोऱ्याखाली,
तळव्यावर तोलला त्याला, उगाच, दिवा न लावता.
वजन लागतच नव्हतं.
खिशात बुश वाजत होते.
मोजले नाहीत.