चवीपुरतं

बाबांचं पत्र आलं की
आई ते खालून वाचायला घ्यायची.
वर ख्यालीखुशाली, हवापाणी, पैसे किती पाठवले ते;
खाली पदार्थ असायचा.

ग्दान्स्क: लाल कंद किसून त्याचं आंबट सार, वर मलईचा गोळा.
बर्गन: पांढरा मासा, दुधात शिजवलेला.
सांतोस: काळा घेवडा, त्यात डुकराचा कान,
तो पानात आला तर नशीब उघडतं म्हणे.

आमच्या मिंदेलोत लाल कंद नव्हता.
मलई नव्हती.
पाऊस तर वर्ष-दोन वर्षं फिरकायचा नाही,
प्यायचं पाणीसुद्धा शेजारच्या बेटावरून बोटीनं यायचं
आणि मापानं मिळायचं.
होता मका, मका कांडायला उखळ,
दोन शेळ्या, रताळी,
आणि तीन दगडांवर बूड टेकलेलं एक भांडं,
बाहेरून इतकं काळं की
रात्री हात लावूनच शोधावं लागे.

त्यात ग्दान्स्क पिवळं व्हायचं.
रताळ्याचं सार, लिंबू पिळून,
वर शेळीच्या चीजचा चुरा.
बर्गन करताना लिंबाचा हात दुधाला लागायचा
आणि दूध फाटायचं.
आम्हा भावंडांना वाटायचं,
बर्गन गावच फाटकं असणार.

भिंतीपलीकडून बिब्याना ओरडायची,
"लुदोविना, आज कुठं आहात?"
"हॅम्बुर्ग!" आम्ही ओरडायचो,
तोंडात घास तसाच.

दोन वर्षांतून एकदा बाबा यायचे.
आई त्यांच्यापुढे एकेक बंदर वाढायची.
ते डोळे मिटून खायचे
आणि म्हणायचे, "अगदी असंच."
आई काही न बोलता
मिठाची वाटी त्यांच्याकडे सरकवायची.

बाविसाव्या वर्षी मी रॉटरडॅमला आले,
कचेऱ्या पुसायला.
पहाटेच्या पाळीत हालिना असायची.
एका थंडीत तिनं थर्मासच्या झाकणात
मला लालभडक काही ओतून दिलं.
मातीचा वास होता त्याला.
मी भिडेखातर म्हटलं, "छान आहे,
पण हे ग्दान्स्क नव्हे."
हालिनाचा जन्म ग्दान्स्कचा.
बादलीवर बसून ती
डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

मग एका रविवारी आर्मिंदो भेटला,
बाबांच्या बोटीवरचा, यंत्रघरातला.
म्हणाला, "तेओदोरो? तो कुठं उतरला!
सव्वीस वर्षं, प्रत्येक बंदरात
दुसऱ्यांची पाळी अंगावर घ्यायचा. दुप्पट पैसे.
आम्ही परतलो की शिडीपाशी गाठायचा:
काय खाल्लंत? रंग कसला? काटे होते का?
आम्ही प्यायलेलो असायचो.
येईल ते सांगायचो."

मी आईला फोन लावला.
बाबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.
सगळं सांगितलं.
पलीकडे मुसळाचा आवाज थांबला नाही.
"ठाऊक होतं," ती म्हणाली.
"कसं?"
दोन घाव पडले, तिसरा पडला.
"अगं, एका पत्रात तरी होतं का
मीठ किती ते?
जो खातो ना, त्याला
आधी मीठ आठवतं."

मग म्हणाली, ठेवते, मका उडतोय.

आता चौथ्या मजल्यावर, गॅसवर,
मी रविवारी ग्दान्स्क करते.
खाली बाजारात लाल कंदांचे ढीग असतात,
स्वस्त, ओल्या मातीसकट.
मी एकदा एक हातात घेतला होता.
परत ठेवला.

गेल्या रविवारी हालिनाला बोलावलं.
तिनं पिवळ्या सारात चमचा फिरवला,
चीजचा चुरा बुडताना पाहिला,
एक घोट घेतला, दुसरा घेतला.
"या गावात मी कधी गेले नाही,"
ती म्हणाली, आणि वाटी पुढे केली.

मी अजून वाढलं.
मीठ तिचं तिनं घेतलं.