सतरा नंबरचा बोल्ट

बोरीच्या फाट्यावर, टिनाच्या शेडात,
एप्रिलच्या भर दुपारी
बँडवाल्यांची कमांडर उभी,
आणि तिच्या पोटाखालून बाहेर आलेले
तीन माणसांचे सहा पाय.

ऑइल बदलायचं, एवढंच काम.
संध्याकाळी लाडखेडला लग्न होतं.
कडुलिंबाखाली अकरा जण
लाल कोट मांडीवर घेऊन बसलेले,
ट्रंपेट ओल्या गोणपाटात,
पितळ तापलं की ओठ भाजतात म्हणून.

चेंबरचा बोल्ट हलेना.
दिग्रसच्या कुण्या कारागिरानं
गळू नये, गळू नये म्हणत
पान्याला पाइप लावून आवळला असावा.
गफूर मिस्त्री काही बोलला नाही,
नुसता बाजूला थुंकला.

रिंग पाना घसरला.
मग पाइप पाना, त्याचे दात घसरले.
सहा कोनांचे चार राहिले, चाराचे दोन,
शेवटी हाताला लागलं ते
शेंगदाण्यासारखं गुळगुळीत काहीतरी.

एक गोष्ट तेव्हा मी सांगितली नाही.
सगळ्यात आधी पाना मी लावला होता,
खाली न झोपता, बाजूनं हात घालून,
न बघता.
वरून पाहिलं की उघडायची दिशा उलटी होते,
हे मला चौदाव्या वर्षी ठाऊक नव्हतं.
पाव आटा मीच आवळला.
मिस्त्री दिग्रसला शिव्या देत राहिला
आणि मी त्याला पाणी आणून देत राहिलो.

निरंजन टेकाम, ड्रायव्हर, म्हणे, छन्नी मारा.
कोणी म्हणे, वर नट वेल्डिंग करा,
पण लाइन सकाळपासून गेलेली.
मिस्त्रीनं घण उचलला,
तेवढ्यात लिंबाखालून सुदाम थूल आला.
ताशा वाजवायचा तो. बनियनवर, अनवाणी,
दोन बोटांना कापडाची पट्टी.
"ठोकू नोको बाप्पा," म्हणाला, "वाजव."

आणि गाडीखाली शिरला.
पाव किलोची हातोडी मागितली.
डिझेलमध्ये भिजलेल्या बोल्टाच्या कडेनं
टिक टिक टिक, टिटिक टिक,
जोर नाही, फक्त नेम,
थांबे, कान लावे, पुन्हा सुरू.
झाडाखालचे मान हलवू लागले;
कुणीतरी मांडीवर ठेका धरला.
पाव तास गेला असेल.
मग आवाज बदलला.
मलाही कळला तो:
आधी ठक्क होतं, आता त्यात थोडी पोकळी.

मिस्त्रीनं कोनांवर छन्नीनं खाच पाडली,
तिरकी, उघडायच्या दिशेला,
आणि एकच दणका.
किर्रर्र.
इतका बारीक आवाज,
की चिमणीनं दाणा फोडावा.

तेलाच्या कापलेल्या डब्यात
काळं, गरम, काढ्यासारखं ऑइल आलं,
मिस्त्रीच्या मनगटावर सांडलं, तो हसला.
आटे शाबूत होते.
नवा बोल्ट, नवा तांब्याचा वायसर,
आणि मिस्त्रीनं पाना माझ्या हातात दिला.
"किती आवळू?"
"हात 'बस' म्हणेपर्यंत."
माझा हात काहीच म्हणत नव्हता.
मी थांबलो, कारण सुदाम बघत होता.

त्यानं जुना बोल्ट मागून घेतला.
"काहून लागते तुले?"
"पिशवीत असू द्या," एवढंच बोलला.
कमांडर लाडखेडकडे गेली,
सूर्य शेताच्या कडेवर होता,
ताशा ऐकू आला की मला वाटला,
नक्की सांगता येणार नाही.

सकाळी शेडात, गाडी उभी होती तिथं
मातीत एक काळा ठिपका.
मिस्त्रीनं बोट लावलं, नाकाशी नेलं.
"जुनं आहे," म्हणाला,
आणि झाडू घ्यायला गेला.
मी तिथंच बसून राहिलो,
ठिपका वाढतो का बघत.