शाबीत नाही

हिलटाउनचा चढ दोघींना पुरतो.
पिशवीत पाच किलो बटाटे, दुधाची मोठी बाटली,
एक बंद माझ्या हातात, एक मोरॅगच्या,
आणि मधे लोंबकळणारा देव.

"नाही म्हणतेस ना? मग नाही ते दाखव."
"आहे म्हणणाऱ्यानं दाखवायचं असतं, मोरॅग."
माझे वडील कराडच्या कोर्टात शिरस्तेदार.
लोणच्याची बरणी कुणी संपवली यावरसुद्धा
आधी आरोप करणाऱ्याला उभं करत.
त्याच वळणाचं माझं डोकं.

ती हसते. तिच्या हसण्याचं मराठी करायचं तर
हातच्या कांकणाला आरसा कशाला.
पण कांकण कुठाय, बाई?
मला तर नुसतं मनगट दिसतं,
संधिवातानं सुजलेलं,
आणि टे नदीवरून येणारा वारा –
तोही दिसत नाही, असं ती लगेच म्हणणार,
म्हणून मी वाऱ्याचं नावच काढत नाही.

एका मार्चमध्ये मला ज्यूरीचं बोलावणं आलं.
पंधरा जण. चौदांनी उजवा हात वर करून
सर्वशक्तिमानाची शपथ घेतली.
मी मागाहून, एकटी, स्वतःच्या जबाबदारीवर.
कुणी काही म्हटलं नाही.
माझा आवाज मात्र मलाच जरा उघडा वाटला.

आत काय बोललो ते सांगायची मनाई आहे.
निकाल भर कोर्टात वाचला:
दोषी नाही, निर्दोषही नाही;
शाबीत नाही.
स्कॉटलंडात तेव्हा असा तिसरा दरवाजा होता.
आता बुजवला म्हणतात.
आरोपी हसला नाही. फिर्याद केलेली बाई रडली नाही.
दोघं एकाच बसस्टॉपवर उभी राहिली,
मधे एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून.

मोरॅगला सांगितलं. वाटलं, आता हिला मुद्दा मिळाला.
ती म्हणाली, "मग त्या बाईला घरी कुणी सोडलं?"
याला माझ्याकडे कलम नव्हतं.

परवा नाइनवेल्सच्या वॉर्डात
डोळे न उघडता ती म्हणाली,
"समज, तुझंच खरं निघालं तर?"
तीन वर्षं याच वाक्यासाठी मी चढ चढत होते.
समोर आलं तर घ्यायला हात पुढे होईना.
"शाबीत कुठं झालंय," मी म्हणाले,
आणि तिची उशी सारखी करत बसले.

आज बटाटे दोनच किलो.
तरी दोन्ही बंद एका हातात घेतले की
पिशवी गुडघ्याला लागते.